घरची गीतमाला

मला ऐकायचं भारी वेड! पोळ्या लाटताना मी मोबाईलवर पॉडकास्ट लावते. माझ्या आईच्या लहानपणी हे काम रेडिओ करायचा. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला अमीन सायानी गाण्यांची क्रमवारी सांगत. क्रमांकाला ते 'पायदान' म्हणत. वर्षाअखेरीस वर्षभरातल्या गाण्यांची यादी! २०२४ मध्ये ते आपल्यातून गेले, पण ती गंमत माझ्या मनात राहिली.

मागच्या डिसेंबरात मी वर्गात म्हटलं, "वर्षभरातल्या दहा आवडत्या गोष्टी लिहा."

एक मुलगी गप्पच. "बाई, आम्ही कुठं फिरायला गेलो नाही, काही नवीन आणलं नाही. काय लिहू?"

"घरी सगळ्यांना विचार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिची यादी आली. पहिल्या पायदानावर होतं, 'यंदा बाबा रोज रात्री जेवायला घरी होते.' मी ते दोनदा वाचलं.

मग आम्ही याद्या सजवल्या. जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ, कडेला लग्नपत्रिकांचे रंगीत तुकडे, चिकटवायला कणकेची खळ. खर्च जवळजवळ नाहीच! त्या मुलीच्या घरी तर भिंतीचे पोपडेही झाकले गेले.

पालकांनो, मुलांच्या यादीत तुमचीही एक ओळ घाला. आणि मुलांनो, तुमच्या पहिल्या पायदानावर काय असेल? आज जेवताना घरी विचारा बरं!