हाताला ठाऊक असलेली पिशवी

शेजारच्या फ्लॅटमध्ये दार बसवायचं काम चाललं होतं. मिस्त्री गुडघ्यावर बसले होते, डाव्या हाताने दाराचं फळकूट चौकटीला दाबून धरलं होतं आणि बिजागरीची खाच थोडी कमी पडत होती. उजवा हात मागे गेला, पिशवीत शिरला आणि अर्ध्या इंचाची पटाशी घेऊन वर आला. मान वळली नाही, नजर खाचेवरून हलली नाही. पिशवीत आणखी चार पटाश्या होत्या, पण हाताला हवी तीच मिळाली.

चहाच्या वेळी मी विचारलं, "मिस्त्री, न बघता कशी सापडते हो?"

"तिची जागा ठरलेली आहे ना, काका," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी भरताना तिथेच जाते."

आपल्या बहुतेक घरांत हत्यारं असतात. पक्कड असते, हातोडी असते, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर असतात. पण पक्कड टीव्हीखालच्या खणात, हातोडी गॅलरीत आणि टेस्टर फ्रिजवर. नळाचा वायसर बदलायला दहा मिनिटं लागतात आणि पाना शोधायला अर्धा तास. ऐन वेळी सापडत नाही ते हत्यार घरात नसल्यासारखंच. हत्यार कुठे ठेवायचं आणि कसं न्यायचं, हा कारागिरीचाच भाग आहे असं मला त्या दिवसापासून ठामपणे वाटतं. सुतारकामावर, लोहारकामावर आपण कौतुकाने बोलतो, पण ते काम ज्या पिशवीतून बाहेर येतं तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही.

मिस्त्रींनी मला ती पिशवी उघडून दाखवली. जाड ताडपत्रीच्या कापडाची, चांभाराकडून मुद्दाम शिवून घेतलेली. पट्टे दुहेरी, आणि ते तळाखालून फिरवून आणलेले, म्हणजे सगळं वजन टाक्यांवर येत नाही. तळाला प्लायचा तुकडा, त्यामुळे पिशवी जमिनीवर ताठ उभी राहते आणि तोंड उघडं राहतं. हे तोंड उघडं राहणं फार मोलाचं. कोलमडणाऱ्या पिशवीत दोन्ही हात घालावे लागतात, आणि कारागिराचा एक हात कायम गुंतलेला असतो.

आत बाजूच्या कडेला करवत, मूठ बाहेर आलेली, दात सायकलच्या ट्यूबच्या उभ्या चिरलेल्या तुकड्यात झाकलेले. त्या तुकड्याने दोन गोष्टी साधतात: हात कापत नाही आणि पटाशीच्या धारेला करवतीचे दात लागत नाहीत. पटाश्या जुन्या जीन्सच्या पायाच्या कापडात, प्रत्येकीला शिवलेला वेगळा कप्पा, धार आत आणि मूठ वर. रुंदीप्रमाणे ओळीने लावलेल्या, म्हणून बोटांना मुठी मोजता येतात. रंधा आडवा, कुशीवर, कारण त्याचं पातं तळाच्या किंचित बाहेर असतं आणि सरळ ठेवला तर धार बोथटते. गुण्या सपाट, कडेच्या कापडाला लागून, त्याच्यावर काहीही ठेवायचं नाही. गुण्या एकदा वाकला की मालकाला कळत नाही, मिस्त्रींनाही लगेच कळत नाही, आणि पुढचं प्रत्येक काम काटकोनातून निसटत जातं. हातोडी कोपऱ्यात, दांडा वर. स्क्रू आणि खिळे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, झाकणावर चिकटवलेला एकेक नमुना. पेन्सिल कानावर, टेप खिशात.

पूर्वीच्या सुताराच्या पिशवीत वाकस असायचा, किकरं असायचं, भोक पाडायला सामता किंवा गिरमिट असायचं. ड्रिल मशीन आलं आणि सामता गेला. आता प्रत्येक मशीन आपली प्लॅस्टिकची पेटी घेऊन येतं, आणि तरुण सुतार पाठीवर सॅक लावून मोटरसायकलवर येतात. सॅकमुळे दोन्ही खांद्यांवर वजन वाटलं जातं, हे चांगलंच. पण सॅक उभी आणि खोल असते. खालचं काढायला वरचं उपसावं लागतं. एका खांद्याला लटकवायची ती रुंद तोंडाची पिशवी याबाबतीत अजूनही सरस आहे.

हत्यारं कशी ठेवायची आणि न्यायची, हा प्रश्न फार जुना आहे. स्वीडनच्या गोटलंड बेटावर मास्टरमीर नावाची दलदल होती. तिचं पाणी काढून शेती सुरू झाल्यावर १९३६ मध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराला लोखंडी साखळी लागली. साखळीत एक ओकच्या लाकडाची पेटी होती, साधारण नव्वद सेंटिमीटर लांबीची, कुलपासकट. आत आणि आजूबाजूला मिळून दोनशेहून जास्त वस्तू सापडल्या. हातोड्या, सांडशी, कानशी, करवती, गिरमिटं, वाकस, कुऱ्हाडी. वस्तू सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या, व्हायकिंग काळातल्या. मालक एकाच वेळी लोहार आणि सुतार असावा, हे त्याच्या पेटीवरून कळतं. माणसाचं नाव उरलं नाही, पण त्याला कोणती कामं येत होती याची पूर्ण यादी उरली. त्यातली कानस किंवा सांडशी आज आपल्या लोहाराच्या हातात दिली, तर तो काही न विचारता कामाला लागेल.

पेटीचा खरा शत्रू म्हणजे वजन. एकदा आमच्या प्लंबरची पिशवी आम्ही कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. अकरा किलो भरली. हे ओझं घेऊन तो माणूस दिवसातून पाच-सहा वेळा लिफ्ट नसलेले जिने चढतो. त्यात निम्मं वजन पान्यांचं होतं.

आणि पान्यांच्या या वजनावर एका माणसाने उपाय शोधला. योहान पेटर योहान्सन हा स्वीडिश कारागीर. त्याने १८८६ मध्ये एनशॉपिंग या गावी दुरुस्तीचा कारखाना काढला. त्या काळी नट-बोल्टांची मापं कारखान्यागणिक वेगळी. शेतावरचं यंत्र दुरुस्त करायला जायचं तर प्रत्येक मापाचा वेगळा पाना बरोबर न्यावा लागे, आणि तरी एखादं माप हुलकावणी देईच. योहान्सनने १८८८ मध्ये पाईप पान्याचं पेटंट घेतलं आणि १८९२ मध्ये आज आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतो त्याचं. सरकत्या जबड्याचे पाने त्याच्या आधीही इंग्लंडमध्ये होते, पण अंगठ्याने आटा फिरवून जबडा हवा तेवढा उघडायचा, हे आपल्या हातात बसलेलं रूप त्याचं. पिशवीतल्या दहा पान्यांच्या जागी एक पाना आला, तो असा. हत्यारं नीट नेण्याच्या खटपटीतून आलेला हा शोध आहे, म्हणून मला तो विशेष जवळचा वाटतो.

स्वीडनचा हा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. नाशिकच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तापडिया टूल्सने १९६९ मध्ये हातहत्यारं बनवायला सुरुवात केली, ती एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. आज मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत पाना मागितला, तर दुकानदार आधी नाशिकचा माल पुढे करतो आणि मग जालंधरचा किंवा नागौरचा.

स्क्रू पान्याने सगळं मिटलं असं मात्र नाही. त्याचा जबडा किंचित ढिला राहतोच, आणि घट्ट बसलेल्या नटाचे कोपरे तो खाऊन टाकतो. म्हणून गॅरेजमध्ये आजही ठरलेल्या मापाचेच पाने चालतात. आपल्याकडच्या दुतोंडी पान्यांचा आठांचा संच पाठच असतो: ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ आणि २०-२२. यातला सगळ्यात लवकर हरवणारा १०-११. त्याचं कारण सरळ आहे. सहा मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं दहाचं असतं, आणि दुचाकीवर तो बोल्ट जागोजागी असतो. जो पाना सगळ्यात जास्त वेळा हातात येतो, तोच सगळ्यात जास्त वेळा इंजिनवर, सीटवर, शर्टाच्या खिशात विसरला जातो. माझं मत विचाराल तर संच घेतानाच १०-११चा एक जादा घ्यावा आणि १२-१३चाही.

चांगल्या गॅरेजमध्ये भिंतीवर फळी असते आणि फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली असते. पाना जागेवर नसेल तर रंगवलेली रेषा रिकामी दिसते. मोजायची गरज नाही, नजर टाकली की पुरे. विमानांच्या देखभालीत हीच पद्धत फार काटेकोरपणे पाळतात. तिथे फोमच्या जाड तक्त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली असते, कारण इंजिनात राहिलेला एक छोटा पाना सगळ्या प्रवाशांच्या जिवावर बेतू शकतो. काम संपलं की खाचा भरल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

अवकाशातही पिशवीचा प्रश्न सुटलेला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर काम करताना हाइडमारी स्टेफनिशिन-पायपर या अंतराळवीरांगनेच्या पिशवीत ग्रीसची गन गळली. ती पुसत असताना सुमारे चौदा किलोची अख्खी पिशवी निसटली आणि पृथ्वीभोवती फिरू लागली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती वातावरणात जळून गेली. उरलेलं काम सहकाऱ्याच्या पिशवीतली हत्यारं दोघांत वाटून पूर्ण करावं लागलं. दोरीने बांधलेलं नसलं की अवकाशात हत्यार निसटतं. आपल्या इमारतीच्या परांचीवर उभ्या असलेल्या रंगाऱ्याने पाना मनगटाला बांधला, तर खालून जाणाऱ्याचं डोकं वाचतं. ही साधी सुतळी आपल्याकडे फार कमी जण बांधतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरासाठी बरेच जण पत्र्याची पाच कप्प्यांची पेटी आणतात. माझ्या वडिलांचीही तशीच होती, निळी. झाकणाच्या दोन मुठी बाजूला ओढल्या की दोन्हीकडचे कप्पे जिन्यासारखे पसरतात आणि तरी प्रत्येक कप्पा सपाटच राहतो, आतलं काही सांडत नाही. यामागे चपट्या पट्ट्यांची समांतर जोडणी आहे. पट्ट्या कितीही कलल्या तरी कप्प्याचा तळ जमिनीला समांतरच राहतो. दोन्ही मुठी एकत्र धरून उचललं की पेटी स्वतःच्याच वजनाने मिटते. एकच मूठ धरली, तर मात्र एक बाजू उघडते आणि सगळा भार तिकडे जातो. शाळेत असताना मी ती अशीच एका मुठीने उचलली आणि सगळे स्क्रू जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत गेले. बाबांनी रागावण्याऐवजी मला पेटी परत भरायला बसवलं, आणि प्रत्येक वस्तू कुठल्या कप्प्यात आणि का, ते सांगितलं. ती दुपार मला आजही आठवते.

या पेटीची उणीव तिच्या वजनात आहे. रिकामीच ती चार-पाच किलो भरते. खाली ठेवून दिवसभर काम करायचं असेल तर उत्तम, पण बल्बचा होल्डर बदलायला बेडरूममध्ये न्यायला जड. म्हणून बाबा कप्पे कामाप्रमाणे लावत. बहुतेक जण पक्कडी एका ठिकाणी, स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्या ठिकाणी असे जातीप्रमाणे लावतात. बाबांचा एक कप्पा विजेचा होता: टेस्टर, बारीक पक्कड, चिकटपट्टी, फ्यूजची तार. दुसरा नळाचा: स्क्रू पाना, वायसर, टेफ्लॉनची पट्टी, जुना दातांचा ब्रश. तिसरा सायकलचा. काम निघालं की त्या कप्प्यातलं सगळं एका छोट्या कापडी पिशवीत जायचं आणि पेटी जागेवरच राहायची. हत्याराची जात एक असली तरी काम वेगळं असेल, तर दोन पक्कडी दोन ठिकाणी असाव्यात, हे मला त्यांच्याकडून कळलं. इलेक्ट्रिशियन तर टेस्टर पेनासारखा शर्टाच्या खिशाला लावतात. कामाला हात घालण्याआधी जे लागतं ते सगळ्यात जवळ हवं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात कापडाची पिशवी दमट होते आणि तोच ओलावा पोलादाला गंज आणतो. मशीनच्या तेलाचं फडकं पेटीत कायम ठेवावं आणि जून लागण्याआधी एकदा सगळ्यावरून फिरवावं.

आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी, हा या सगळ्या पिशव्या आणि पेट्यांचा दिवस. त्या दिवशी वर्षभरातलं सगळं बाहेर येतं. गंज घासला जातो, ढिले दांडे ठोकून बसवले जातात, हळद-कुंकू लागतं, झेंडूची फुलं चढतात. गॅरेजमधला पोऱ्याही त्या दिवशी पाने ओळीने मांडतो. पूजेइतकंच मला त्या मांडण्याचं महत्त्व वाटतं, कारण वर्षातून एकदा तरी आपल्याकडे काय आहे आणि काय हरवलं आहे हे त्यातून दिसतं.

यंदा खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं खणांतून आणि माळ्यावरून काढून एका वर्तमानपत्रावर मांडा. पूजा झाल्यावर ती परत खणात टाकू नका. विजेची एक पिशवी करा, नळाची एक करा, त्यांना कायमची जागा द्या आणि भरताना घरातल्या सगळ्यांना, लहान मुलांनाही, जवळ बसवा. रात्री फ्यूज उडून घरात अंधार होतो तेव्हा टेस्टर कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाच्या हाताला ठाऊक असलं पाहिजे.