कोल्हापूरची हद्द आणि आगीचा बंब

पुणे-बेंगळुरू महामार्गाने शिरोली मागे टाकून, पंचगंगेचा पूल ओलांडून जो प्रवासी तावडे हॉटेलच्या चौकातून कोल्हापूर शहराकडे वळतो, त्याला आपण गाव सोडून नगरात केव्हा प्रवेश केला हे सांगता येणार नाही. कारण दुकानांची रांग तुटत नाही आणि वाहनांची गर्दी विरळ होत नाही. डाव्या हाताला उचगाव, त्यापलीकडे गांधीनगर, दक्षिणेस सरनोबतवाडी, उजळाईवाडी, मोरेवाडी, पाचगाव, कळंबा, आणि पश्चिमेस फुलेवाडी सोडताच बालिंगा, अशी ही गावे शहराच्या अंगाला इतकी चिकटून वाढली आहेत की सीमारेषा जमिनीवर शोधण्यापेक्षा सरकारी दफ्तरात शोधणे सोपे जावे. तेथेही ती निर्विवाद सापडेलच असे नाही. तावडे हॉटेल परिसरातील बांधकामांना परवानगी देण्याचा अधिकार महानगरपालिकेचा की उचगाव ग्रामपंचायतीचा, हा कज्जा उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची, म्हणजे संस्थानी अमदानीतली. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. परंतु नाव बदलले, अधिकार बदलले, हद्द मात्र बदलली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर हे तिचे क्षेत्रफळ, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्यात राहणारी माणसे ५,४९,२३६. महाराष्ट्रातील इतर शहरे गावांमागून गावे पोटात घेत असता कोल्हापूरने एकही गाव घेतले नाही, याचे कारण शहराची अनिच्छा नसून गावांचा निर्धार होय.

या वेशीवरच्या गावांत गांधीनगरचा इतिहास सर्वांत विलक्षण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर, १९४३ ते १९४८ या वर्षांत, वळिवड्याच्या माळावर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते निघून गेले आणि फाळणीने देशोधडीस लागलेले सिंधी बांधव त्या जागी येऊन वसले. रिकाम्या हातांनी आलेल्या या लोकांनी दोन-तीन पिढ्यांत येथे कापडाची अशी घाऊक बाजारपेठ उभी केली, की दक्षिण महाराष्ट्रातील आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातील किरकोळ दुकानदार लग्नसराईपूर्वी येथेच येतो. चिंचोळ्या गल्ल्या, माडीपर्यंत रचलेले कापडाचे तागे, एकास एक लागून असलेली गोदामे आणि डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला या वैभवाच्या अंगी कोणते भय दडले आहे हे निराळे सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी ठिणगी पडली, तर ती विझविण्याचा भार कोणाचा? महामार्गाच्या अलीकडे उभ्या असलेल्या शहराच्या बंबाचा, की ज्या ग्रामपंचायतीला गोदामांचा घरफाळा मिळतो तिचा?

कायद्याचे उत्तर सोयीचे नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्या अठरा विषयांत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. पंचायतींसाठी जी अकरावी अनुसूची केली, तिच्या एकोणतीस विषयांत शेती, मत्स्यव्यवसाय, ग्रंथालये, बाजार आणि जत्रा आहेत, पण अग्निशमन नाही. महानगरपालिकेवर अग्निशमन दल ठेवणे हे बंधनकारक कर्तव्य आहे. ग्रामपंचायतीने गावकऱ्यांना घेऊन आग विझविण्यास साहाय्य करावे, याहून अधिक अपेक्षा तिच्या तिजोरीकडे पाहून ठेवता येत नाही. ज्या काळी गाव म्हणजे कौलारू घरे आणि गंजी असा अर्थ होता, त्या काळी ही वाटणी शोभली असेल. आज पाचगावात आणि कळंब्यात बहुमजली इमारती आहेत, आणि त्यांतील रहिवाशांची नोकरी, दवाखाना, मुलांचे महाविद्यालय, इतकेच काय सायंकाळचा रंकाळा तलावही शहरात आहे.

प्रत्यक्षात काय घडते? दूरध्वनी येताच शहराचा बंब हद्द ओलांडतो, आणि ओलांडलाच पाहिजे. नगरपालिकांची सर्वसाधारण वहिवाट अशी, की हद्दीबाहेरच्या वर्दीचे शुल्क आकारावे. परंतु अग्निशमनाचा खरा खर्च आग लागली त्या रात्रीचा नसतो. ज्या शेकडो रात्री काहीही घडत नाही, त्या रात्रींतही केंद्र उघडे ठेवणे, जवान तैनात ठेवणे, बंब सुस्थितीत राखणे, उंच शिडी विकत घेणे, हा तो खर्च. तो घरफाळ्यातून भागतो आणि घरफाळा हद्दीतल्यांनीच भरलेला असतो. महामार्गाकाठच्या औद्योगिक वसाहतींचे एक बरे, की औद्योगिक विकास महामंडळ स्वतःची अग्निशमन व्यवस्था ठेवते. उजळाईवाडीच्या विमानतळालाही ती ठेवावीच लागते. मधल्या वस्तीला मात्र आपले असे काही नाही.

हद्दवाढीची, म्हणजे ही गावे महानगरपालिकेत घेण्याची, मागणी करणारे शहरवासी हे गाऱ्हाणे केवळ बंबापुरते मांडत नाहीत. महानगरपालिकेची केएमटी बस, पाणी, रस्ते हे सारे आमचे आणि कर मात्र तुमच्या पंचायतीला, असा त्यांचा रोष आहे. विरोध करणाऱ्या गावांच्या सेवा बंद करा, अशीही मागणी वेळोवेळी झाली. गावांचे उत्तर तितकेच धारदार. घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षणे पडतील, सरपंचाची मुखत्यारी जाऊन एखाद्या प्रभागाच्या कोपऱ्यात आपण विसरले जाऊ, आणि शहराने आपल्या उपनगरांना तरी काय दिले, असे ते विचारतात. आगीपुरते बोलायचे, तर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, संगीतसूर्य केशवराव भोसले या कलावंताच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून लोकांस दिलेली ही वास्तू शहराच्या ऐन मध्यात, खासबाग मैदानाच्या पाठीशी होती. भर शहरातले हे वैभव जेथे वाचवता आले नाही, तेथे आमच्या गोदामांची हमी कोणी घ्यावी, असे एखाद्या गावकऱ्याने म्हटले, तर ते उद्धटपणाचे मानू नये.

बेचाळीस गावांपासून अठरा गावे व दोन औद्योगिक वसाहतींपर्यंत, आणि पुढे त्याहूनही आखूड, असे हद्दवाढीचे प्रस्ताव होत गेले. मोर्चे निघाले, गावे बंद राहिली, आणि २०१७ साली शासनाने तडजोड म्हणून बेचाळीस गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापिले. तडजोडीचा गुण असा, की कोणाचेच समाधान न होता आंदोलन शमते. प्राधिकरण बांधकामाचा परवाना देते व विकास शुल्क घेते. म्हणजे इमारत उभी करण्याचा अधिकार एका दफ्तरी, तिचा कर दुसऱ्या दफ्तरी आणि ती पेटल्यास घंटा तिसऱ्याच्या केंद्रात.

हा पेच कोल्हापूरचाच नव्हे. अमेरिकेत टेनेसी राज्यातील साउथ फुल्टन या लहान शहराचे दल हद्दीबाहेरच्या लोकांस वर्षाकाठी ७५ डॉलर घेऊन सेवा देई. २०१० साली ते न भरलेल्या एका कुटुंबाचे घर पेटले, तेव्हा जवान आले, शुल्क भरलेल्या शेजाऱ्याची मालमत्ता त्यांनी राखली आणि ते घर जळू दिले. हिशेबाने ते चुकले नव्हते; पण असा हिशेब आपल्याकडे कोणा अधिकाऱ्याने मांडला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या कचेरीपुढे सारा तालुका उभा राहिला असता. पुण्यात उलट टोक दिसले. २०१७ मध्ये महानगरपालिकेत आलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांना कराचा बोजा इतका सोसेना, की त्यांना बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद देण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. हद्दीत घेतले की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांआड करू नये.

माझे मत विचाराल, तर अग्निशमनाला हद्दवाढीच्या भांडणात ओढणे हीच मूळ चूक आहे. आरक्षण, कर, सत्ता यांवर शहराने आणि गावांनी हवे तितकी वर्षे भांडावे. त्यात दोन्ही पक्षांचे काही खरे आहे. परंतु प्राधिकरण जे विकास शुल्क घेते, त्याचा ठरीव हिस्सा बाजूला काढून उचगाव-गांधीनगरच्या बाजूस एक व पाचगाव-कळंब्याच्या बाजूस एक अशी दोन केंद्रे उभारणे, त्यांचा वार्षिक खर्च गावांनी घरफाळ्याच्या प्रमाणात उचलणे, आणि ती चालविण्याचे काम करार करून महानगरपालिकेच्या अनुभवी दलाकडे देणे, याला कोणाचीही हद्द हलवावी लागत नाही. ही तजवीज जिल्हाधिकाऱ्यांनी, प्राधिकरणाने आणि महानगरपालिकेने एकत्र बसून करावी, आणि गांधीनगरच्या व्यापाऱ्यांनी तिचा आग्रह सर्वांत आधी धरावा.