व्हिक्स वाढला म्हणजे बाजार पडणारच का?

पालकहो, 'इंडिया व्हिक्स' वाढल्याची बातमी आली की लगेच एसआयपी बंद करू नका. निफ्टीच्या ऑप्शनच्या किमतींवरून काढलेला हा आकडा पुढच्या 30 दिवसांतला अपेक्षित चढउतार वार्षिक टक्क्यांत सांगतो. व्हिक्स 24 असेल, तर 12 च्या वर्गमुळाने (3.46) भागा. महिन्याला साधारण 7 टक्के, वर किंवा खाली! दिशा तो सांगत नाही.

आता शेजारी दुसरा आकडा ठेवा: गेल्या 30 दिवसांत निफ्टी प्रत्यक्षात किती हलला? व्हिक्स जास्त पण हालचाल कमी, तर भीती पुढच्या घटनेची, जसे निवडणूक निकाल. दोन्ही जास्त, तर वादळ सुरूच आहे. मार्च 2020 मध्ये व्हिक्स 80 च्या पुढे गेला, आणि निफ्टीने तळ गाठला तोही त्याच दिवसांत. तेव्हा घाबरून विकलं, त्यांचं नुकसान झालं.

मात्र वर्षभरात लागणारी मुलांची फी शेअरमध्ये ठेवूच नका.