आधी ब्रेक, मग इंजिन

जुनी गाडी अंगणात काढली की येणारा-जाणारा एकच विचारतो, "चालू होते का?" मी नाही म्हटलं की तो बॅटरी लावून सेल्फ मारायला सांगतो, आणि जाताना धक्का मारून बघायचा सल्लाही देऊन जातो. सहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान याच दोन सल्ल्यांनी होतं.

आमची गाडी म्हणजे मारुती 800. 1997 ची, पांढरी, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकर कारखान्याचं जे पारगाव, तिथं कांद्याच्या बराखीला लागून असलेल्या शेडमध्ये ती उभी होती. तिन्ही बाजूंना ऊस. घरी गाडी दुरुस्त करायची तर याहून बरी गाडी सापडणं अवघड. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. बॉनेट उघडलं की प्रत्येक नटापर्यंत हात पोचतो. 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, तेव्हा किंमत साडेसत्तेचाळीस हजारांच्या घरात होती. जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं. तोवर पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या होत्या, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. मंचर-नारायणगावला नाही मिळाले तर पुण्यात नाना पेठ आहे, आणि अगदीच अडलं तर बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार.

पहिलं काम पान्याचं नाही. आतला गालिचा उचलायचा आणि पेचकसाची मूठ पत्र्यावर ठोकत जायची. ठणठणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला की टोकानं दाबून बघा, आत गेलं तर भोक. ड्रायव्हरच्या पायाखालची जागा, दाराखालचा रनिंग बोर्ड, स्टेपनीची खाच, बॅटरीचा ट्रे आणि पुढचे शॉकअप जिथं वर बोल्टनं बसतात तो भाग, एवढ्या ठिकाणी ठोकलं तरी पुरे. यातली शेवटची जागा सडली असेल तर गाडी सोडून द्या. पायाखालचं भोक वेल्डिंगनं बुजतं, पण शॉकअपची बैठक सडली की चाकच जागेवर राहत नाही. इंजिन बदलता येतं, सडलेला सांगाडा बदलत नाही. माझ्या मते जुन्या गाडीची सगळी किंमत पत्र्यात आहे, आणि विकणारा मात्र इंजिनाचा आवाज ऐकवत बसतो.

आमच्या गाडीत बॅटरीचा ट्रे ॲसिडनं खाल्लेला निघाला आणि डाव्या बाजूचा तळ हातभर गेलेला. कारण साधं होतं. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजली होती. पाणी दारात साठलं, तिथून आत उतरलं आणि गालिच्याखाली दोन पावसाळे ओल धरून बसलं. सडलेला पत्रा कापून तिथं नवा तुकडा वेल्ड करायचा, दोन्हीकडून प्रायमर, खालून अंडरकोटिंग. भोकावर कापडी पट्टी चिकटवून वर लांबी भरणारे असतात, त्यांना हात लावू देऊ नका. खालून ओल येते आणि वर्षभरात लांबीचा पापुद्रा हातात येतो.

आता ब्रेक. गाडी जॅकवर उचलली की लगेच घोड्या लावायच्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, आणि विटा तर नकोच, वीट न सांगता फुटते. पुढे डिस्क, मागे ड्रम. उभ्या गाडीत मागचे ड्रम लायनरला गंजून धरलेले असतात. हँडब्रेक पूर्ण सोडायचा, ड्रमच्या कडेनं लाकडी ठोकळा धरून गोल गोल ठोकत राहायचं. चिडून घण घातला तर ड्रम तडकतो. ड्रम निघाला की आतली धूळ फुंकर किंवा हवा मारून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्यायचं.

आत वरच्या बाजूला बोटभर लांबीचा व्हील सिलिंडर दिसतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल त्यात येतं, दोन्ही टोकांचे पिस्टन बाहेर सरकतात आणि लायनर ड्रमला घासतात. पिस्टनवरच्या रबरी टोप्या कडक झाल्या की तेल पाझरतं. आमच्याकडं ते धुळीत मिसळून काकवीसारखा काळा चिकटा झालेला होता. तेल प्यालेला लायनर कितीही घासला तरी पुन्हा धरत नाही, दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदलावे लागतात. सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे असतील तर नुसते रबर बदलण्यात अर्थ नाही, अख्खा सिलिंडरच नवा घ्यायचा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 3 तेल 205 अंशांना उकळतं, ओल धरलेलं 140 च्या आसपास. घाट उतरताना ब्रेक तापले की ती ओल वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फळीला टेकतं. म्हणून सगळं जुनं तेल काढायचं. हवा काढायला दोन माणसं लागतात. सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवायचं. पुतण्याला पेडलवर बसवलं होतं.

"दाब. धर."

"धरलंय काका."

निपल पाव फेरा सैल, बुडबुडे, निपल घट्ट. "सोड."

असं प्रत्येक चाकाला दहा-पंधरा वेळा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला विसरू नका. रोजच्या वापरात ब्रेक पंपाचा पिस्टन थोडाच सरकतो, पुढची जागा गंजलेली असते. पेडल तळापर्यंत दाबलं की रबर त्या गंजावरून जातं आणि कालपर्यंत बरा असलेला पंप त्याच दिवशी जातो. हे मी पंप एकदा बदलल्यावर शिकलो. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतो.

ब्रेक झाले, मग इंजिन. सेल्फ मारायचा नाहीच. तिन्ही प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवायचं. रिंगा धरलेल्या असतील तर इथंच कळतं, आणि जबरदस्ती नसल्यामुळं काही मोडत नाही. मोकळं फिरलं की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला, टायमिंग बेल्ट बदला. बेल्टवर चिरा दिसत नसल्या तरी बदलायचाच, रबराला वय असतं. मग प्लगच्या जागी प्रेशर गेज लावून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. एखादा बराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह. प्लगच्या वायरी परत लावताना फायरिंगचा क्रम 1-3-2. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असतील तर पॉलिश पेपरनं घासून फीलर गेजनं फट लावायची.

पेट्रोलचा भाग मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. आमच्या शेडभोवती जो ऊस आहे, तसल्याच उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल होतं आणि ते पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. दर वाढावा म्हणून शेतकऱ्याला ते हवं आहे, पण 1997 च्या रबराला ते सोसत नाही. जुन्या नळ्या फुगतात, मऊ पडतात. इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा ताणला जातो. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. पत्र्याची टाकी आतून गंजते. त्यात इथेनॉल टाकीचा जुना मळही सोडवतं, तो येऊन फिल्टर बुजवतो. म्हणून टाकी उतरवून धुवायची, इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या टाकायच्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सुई बदलायची, आणि पहिल्या दोन महिन्यांत फिल्टर दोनदा बदलायचा. कार्बोरेटरचे जेट साफ करताना तार खुपसायची नाही. पितळ मऊ असतं, भोक नकळत मोठं होतं, मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. क्लीनर आणि हवा एवढंच.

रेडिएटरबद्दल थोडक्यात. बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या बोअरच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट घाला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मेस्त्री गावोगाव आहेत. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, चोक जास्त वेळ लागतो, पेट्रोल वाया जातं, आणि तापण्याचं खरं कारण तसंच राहतं.

एक सूचना पान्याबाहेरची. शेड उसाला लागून असेल तर दिवस मावळला की काम बंद करा. जुन्नर वनविभागात बिबट्याचा भरवसा नाही, आणि गाडीखाली आडवा झालेला माणूस उठायला वेळ लावतो. उसातून दुसरा पाहुणा येतो तो उंदीर. आमच्या डॅशबोर्डमागं त्यानं घर केलं होतं आणि वायरींचं आवरण कुरतडून अंथरुण केलं होतं. कुरतडलेली वायर टेप गुंडाळून वापरू नका, तेवढा तुकडा बदला. आगी इथूनच लागतात.

गाडी सुधारायची म्हणजे मोठे टायर, रुंद रिम, दुसरं इंजिन असं पोरांच्या डोक्यात असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. रंगसुद्धा बदलायचा तर नोंद करावी लागते. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, त्यासाठी गाडी तपासणीला न्यायची. आमच्या आंबेगाव तालुक्याला एमएच 14, म्हणजे पिंपरी-चिंचवडचं कार्यालय. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाचे दहा हजार रुपये पडतात, पर्यावरण कर वेगळा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट, पीयूसी आणि विमाही लागतो. हा हिशेब गाडी घ्यायच्या आधी करा. टायर मूळ मापाचेच घ्या, आणि बाजूवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी दहा वर्षांचा टायर नको.

मी जी खरी सुधारणा केली ती दिव्यांची. जुन्या मारुतीचे दिवे मिणमिणते असतात ही तक्रार बहुतेकांची असते आणि दोष बल्बला जातो. बल्ब 60/55 वॉटचा, चांगला असतो. पण दोन्ही दिव्यांची मिळून आठ-दहा अँपिअर वीज बॅटरीपासून आत स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जाते आणि परत पुढं येते, बारीक, पंचवीस वर्षांच्या वायरींतून. इंजिन चालू ठेवून मी मल्टिमीटर लावला. बॅटरीवर 14 व्होल्ट, बल्बच्या सॉकेटवर 12.2. फरक 1.8 व्होल्टचाच वाटतो, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताप्रमाणे पडतो. हिशेब केला तर उजेड साठ-बासष्ट टक्क्यांवर आलेला होता.

उपाय रिलेचा. बॅटरीवरून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या 30 नंबरच्या पायाला, 87 वरून तशीच जाड वायर बल्बला. जुनी दिव्याची वायर 86 ला, 85 अर्थिंगला. आता स्विचमधून रिले ओढण्यापुरतीच किरकोळ वीज जाते. डिपर आणि अप्पर यांना एकेक रिले. काही गाड्यांत स्विच प्लस न तोडता अर्थिंग तोडतो, तेव्हा आधी मीटरनं बघून मगच जोडा. काम झाल्यावर सॉकेटवर 13.7 व्होल्ट आले. हॅलोजनच्या काचेत एलईडी बल्ब घालू नका, उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

रंग अजून मारलेला नाही. वेल्डिंगचे प्रायमरचे करडे चट्टे तसेच आहेत.

दिवे सुधारल्यावर पहिल्यांदा रात्री मंचरहून परतलो ते ऐन गळीत हंगामात. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागले. ट्रॉलीवाल्यांना एवढीच विनंती, मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा, आणि वरून उसाची वाढी लोंबून ती झाकली जात नाही ना, ते निघण्याआधी एकदा मागं जाऊन बघा.