मोडलेलें विमान

छंद हा शब्द आपल्या घरांतून बहुधा थोड्या नाराजीच्या सुरांतच उच्चारला जातो. त्यांतून तो छंद रेडिओ-लहरींनीं चालणाऱ्या छोट्या विमानांचा असला, तर नाराजीस कारणेंही भरपूर मिळतात. पैसा खर्च होतो, माळ्यावर लाकडाचा भुसा सांडतो, आणि इतकें करून पहिल्याच रविवारीं विमान शेतांत नाक खुपसून पडतें. घरीं येतें तें पिशवींतून, तुकड्यातुकड्यांनीं. अशा वेळीं वडीलधाऱ्यांपैकीं कोणी रागावून "बस्स झालें आतां" म्हणतात, तर कोणी ममतेनें "जाऊं दे, नवें आणूं" म्हणतात. आमच्या मतें या दोन्ही उत्तरांनीं मुलाचें सारखेंच नुकसान होतें. तें कसें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

छोटें विमान म्हणजे मोठ्याची नक्कल, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र बराचसा उलट आहे. इंग्लंडांत सर जॉर्ज केली यांनीं १८०४ सालीं पंख व शेपूट असलेलें छोटें, यंत्राविना तरंगणारें विमान उडविलें. पॅरिस येथें १८७१ सालीं आल्फॉन्स पेनो यांच्या, रबराच्या पिळावर चालणाऱ्या विमानानें ११ सेकंदांत सुमारें ४० मीटर अंतर तोडलें. पेनो यांच्याच कल्पनेवर बनविलेलें, पिळाच्या जोरानें वर झेपावणारें एक खेळणें अमेरिकेंतील मिल्टन राइट यांनीं १८७८ सालीं आपल्या विल्बर व ऑर्व्हिल या मुलांसाठीं घरीं आणलें. मुलांनीं तें मोडेपर्यंत खेळविलें, आणि मोडल्यावर तसेंच आपल्या हातांनीं बनविलें. याच भावांनीं १९०३ च्या डिसेंबरांत माणसाला घेऊन यंत्रबळानें उडणारें विमान हवेंत नेलें. तें खेळणें मोडल्यावर घरांत त्यांना कायमची बंदी झाली असती तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

लांबून हुकूम देण्याची विद्या नंतरची. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें रेडिओ-लहरींनीं चालणारी नौका लोकांना दाखविली. आणि १९३७ सालीं वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं 'गफ' नांवाचें आपलें विमान रेडिओच्या साहाय्यानें उडविलें. तें आज स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. आजची रचना अधिक सुटसुटीत आहे. हातांतील ट्रान्समीटरची दांडी हलविली कीं विमानांतील रिसीव्हर तो हुकूम घेतो, आणि सर्व्हो नांवाचें लहानसें यंत्र शेपटीच्या किंवा पंखाच्या झडपा हव्या तेवढ्या वळवितें. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु विमान आपल्याकडे तोंड करून येऊं लागलें, म्हणजे त्याचें डावें तें आपलें उजवें होतें. वेग मंदावून विमान खालीं येऊं लागलें कीं नवशिका घाबरून त्याचें नाक वर उचलतो. त्यामुळें वेग आणखी कमी होऊन पंखांचा आधारच सुटतो. अशा वेळीं नाक किंचित् खालीं करून वेग मिळवावा, ही गोष्ट बुद्धीला चटकन पटते. हाताला पटावयास मात्र एकदोन विमानें खर्ची पडतातच.

विमान पडल्यावर खरी शाळा भरते. प्रथम एकूण एक तुकडा वेंचावा लागतो. नंतर प्रश्न येतो, पडलें कां? "वाऱ्यानें पाडलें" हें उत्तर मुलांच्या ओठांवर तयार असतें. परंतु तुकडे साक्ष देत असतात. तार जोडावरून निसटली होती काय, बॅटरी उतरली होती काय, झडप उलट दिशेला वळत होती काय, हें सारें पाहतां येतें. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, असें आपलें तर्कशास्त्र शिकवितें. त्या शास्त्राचा इतका रोखठोक पाठ आम्हांला दुसरा ठाऊक नाहीं. कारण न शोधतां जें विमान नुसतें चिकटविलें जातें, तें पुन्हां त्याच कारणानें पडतें. येथें सबब ऐकून घेणारें कोणी नसतें. आणि स्वतःची चूक स्वतःशीं कबूल करण्याची संवय मुलाला विनाशिक्षेची लागते.

त्यानंतर वजनाचा हिशेब. बाल्साचें लाकूड अतिशय हलकें. तें तुटलें तर ताज्या तुटीच्या कडा तंतोतंत जुळवून, अगदीं थोडा चिकटपदार्थ लावून सांधावें लागतें. जास्त लावल्यानें सांधा जड होतो, मजबूत होतोच असें नाहीं. समजा, शेपटीच्या दुरुस्तींत १० ग्रॅम वजन वाढलें. शेपूट गुरुत्वमध्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे आणि नाक २० सेंटिमीटरवर. तर तोल राखण्यासाठीं नाकांत ३० ग्रॅम घालावे लागतील, म्हणजे एकंदर ४० ग्रॅम ओझें वाढलें. तरफेचा हा नियम आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून शिकविला. परंतु पंखांखालीं दोन बोटें धरून विमान तोलून पाहणाऱ्या मुलाला तो जसा समजतो, तसा फळ्यावरून क्वचितच समजला असेल.

काय दुरुस्त करूं नये, हेंही शिकावें लागतें. तडा गेलेला पंखा कधींही चिकटवून लावूं नये; तो वेगांत फुटला तर डोळ्याला इजा व्हावयाची. फुगलेली किंवा आपटून चेपलेली लिथियम बॅटरी पुन्हां भरूं नये. ती पेट घेते. चांगली बॅटरीसुद्धा घरांत कोणी जागें व जवळ असतांनाच भरावी. विमान मोकळ्या मैदानांतच, गर्दीपासून दूर, नजरेच्या टप्प्यांत उडवावें. भारतांत २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे विभाग केले आहेत. आपलें मैदान कोणत्या विभागांत येतें हें वडिलांनीं आधीं पाहून घ्यावें.

हा छंद पोरवयाचाच, असेंही कोणी समजूं नये. अमेरिकेंतील मेनार्ड हिल यांचीं छोटीं विमानें २००२ सालीं अटलांटिक महासागर ओलांडण्याच्या प्रयत्नांत नाहींशीं झालीं. त्यांनीं पुन्हां विमानें बांधलीं. ऑगस्ट २००३ मध्यें त्यांचें 'टॅम-५' हें इंधनासह सुमारें ५ किलोग्रॅम वजनाचें विमान न्यूफाउंडलंडहून निघालें, आणि सुमारें ३९ तासांनीं, ३,००० किलोमीटरांवर, आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलें. उड्डाण व अवतरण माणसाच्या हातीं होतें; मधला प्रवास आंतील स्वयंचलित यंत्रणेनें केला. हिल यांचें वय त्या वेळीं ७७ होतें. दृष्टि अत्यंत अधू झाली होती आणि ऐकूंही कमी येत होतें.

आतां घरच्या मंडळींस दोन शब्द. विमान मोडून आलें म्हणजे मुलाला रागें भरूं नका, आणि लगेच नवेंही आणून देऊं नका. त्याला एक कोपरा, एक जुनें टेबल आणि थोडा वेळ द्या. अभ्यासाची वेळ ठरलेली असावी, तशी दुरुस्तीचीही ठरलेली असावी. खर्चाची वही त्यानेंच लिहावी. आपल्या एकत्र कुटुंबांत या कामीं मदतीला माणसांची वाण नाहीं. काकांना डाग लावतां येतो. आणि झडपांच्या बिजागऱ्या पूर्वीं दोऱ्यानें आठच्या आकड्यासारख्या शिवीत असत, त्या शिवणींत आजीचा हात कोणी धरणार नाहीं. घरांतील मुलींनाही या टेबलाशीं तितकीच जागा असावी. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागांत मुलगे व मुली दोघेही ही विद्या शिकतात.

पुढच्या रविवारीं तें ठिगळ लावलेलें विमान कदाचित् पुन्हां पडेल. तरीही मैदानावर कोणी तरी मोठें माणूस बरोबर जावें, आणि तुकडे वेंचावयास वांकावें. इतकें जरी एखाद्या घरांत घडलें, तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.