पाणी उकळतं की उकळतंय?

मुलांनो, इंग्रजीतली ही दोन वाक्यं आधी मोठ्यानं वाचा.

'वॉटर बॉइल्स ॲट १०० डिग्रीज सेल्सिअस.'
'द वॉटर इज बॉइलिंग.'

आता सांगा, यातलं कुठलं वाक्य ऐकल्यावर आई हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात धावेल? अर्थात दुसरं! पहिलं वाक्य विज्ञानाच्या पुस्तकातलं. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांना उकळतं. ते काल उकळत होतं, उद्याही उकळेल, त्यासाठी कुणी जागचं उठायचं कारण नाही. दुसरं वाक्य म्हणजे बातमी. आत्ता, या क्षणी, गॅसवर पातेलं आहे आणि चहाची पावडर अजून डब्यातच आहे!

साधा काळ आणि चालू काळ यांच्यातला फरक एवढाच. पण परीक्षेच्या पेपरात आणि बोलण्यात तो इतक्यांदा चुकतो की विचारू नका. आणि चुकतो कारण आपण एक सोपी युक्ती पाठ केलेली असते: मराठीत शेवटी 'आहे' दिसलं की इंग्रजीत 'इज' आणि क्रियापदाला 'त' दिसला की 'इंग' चिकटवायचं. 'तो जात आहे', 'ही इज गोइंग', झालं काम! ही युक्ती पहिल्या चार वाक्यांना चालते आणि पाचव्याला तोंडावर पाडते.

कशी, ते बघा. मराठीत रीतिकाळ नावाचा एक काळ आहे, तो तुम्ही व्याकरणात शिकला असाल किंवा शिकाल. 'बाबा रोज सकाळी व्यायाम करत असतात.' यात 'करत' आहे, 'असतात' आहे, म्हणून युक्तीवाला विद्यार्थी लिहितो, 'फादर इज डूइंग एक्सरसाइज एव्हरी मॉर्निंग.' पण ही तर रोजची सवय! इंग्रजीत सवयीसाठी वेगळा रीतिकाळ नाही, ते काम साधा वर्तमानकाळच करतो. 'फादर एक्सरसाइझेस एव्हरी मॉर्निंग.' म्हणजे मराठीत 'करतात' आणि 'करत असतात' असे दोन कपडे आहेत, इंग्रजीकडे त्या जागी एकच.

गंमत अशी, की बोलताना आपण हा फरक कधीच चुकत नाही. 'तो शाळेत जातो' आणि 'तो शाळेत जातोय' यांतला फरक पहिलीतलं पोरसुद्धा सांगेल. शेजारच्या काकांबद्दल 'ते पितात' असं कुणी म्हणालं तर घरातली मोठी माणसं एकदम गप्प होतात. 'ते चहा पितायत' म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. इंग्रजीतही अगदी तसंच. 'ही ड्रिंक्स' एवढंच म्हटलं तर त्याचा अर्थ त्याला दारूची सवय आहे असा होतो. चित्रवर्णनाच्या प्रश्नात कप हातात घेतलेल्या गृहस्थाबद्दल 'ही ड्रिंक्स' लिहिलंत तर बिचाऱ्याची अब्रू गेली म्हणून समजा! चित्रात जे चाललेलं दिसतं त्याला 'इज ड्रिंकिंग टी'.

म्हणून मी वर्गात सांगते, भाषांतर करण्यापूर्वी पुस्तकी 'जात आहे' बाजूला ठेवा आणि ते वाक्य घरच्या बोलीत म्हणून बघा. 'जातोय', 'खातेय', 'पडतोय' असा 'य' आपोआप तोंडात आला तर बहुतेक वेळा 'इंग' लागतं.

बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही. 'येतो हं आई!' असं म्हणून तुम्ही दप्तर उचलता, तेव्हा मराठीत साधा काळ असतो, पण इंग्रजीत त्याला 'आय एम गोइंग' म्हणतात. (आपण जाताना 'येतो' म्हणतो हे इंग्रजांना समजावून सांगायचं म्हणजे वेगळा लेख लिहावा लागेल.)

हा फरक फक्त गुणांपुरता नाही. एकदा शाळेत पाहुणे आले होते. चौथीतल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, 'व्हॉट डज युवर मदर डू?' ती पटकन म्हणाली, 'शी इज कुकिंग.' पाहुणे 'गुड' म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले. त्यांना वाटलं, आई घरी स्वयंपाक करत असेल. पण त्या मुलीला काय सांगायचं होतं ठाऊक आहे? तिची आई आमच्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते, अख्ख्या शाळेची! त्या वेळी आई मागच्या शेडमध्ये खरोखरच चुलीपाशी होती, त्यामुळे वाक्य खोटं नव्हतं. ते फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. 'व्हॉट इज शी डूइंग?' म्हणजे आत्ता काय करतेय. 'व्हॉट डज शी डू?' म्हणजे काम काय करते. 'शी कुक्स द मिड-डे मील ॲट अवर स्कूल' असं उत्तर आलं असतं, तर पाहुण्यांनी वळून शेडकडे नक्की बघितलं असतं. पालकांनो, मुलाखतीत हाच प्रश्न तुमच्या वाट्यालाही येतो, तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

आता सगळ्यात मोठा खड्डा. 'मला माहीत आहे.' 'मला दोन भाऊ आहेत.' 'मला आंबा आवडतो.' पहिल्या दोन वाक्यांत 'आहे' दिसला की लगेच 'आय एम नोइंग' आणि 'आय एम हॅविंग टू ब्रदर्स'! आणि त्यांचं बघून तिसऱ्यालाही 'आय एम लाइकिंग मँगोज'. व्याकरणाची पुस्तकं इथे स्थितिदर्शक क्रियापदांची भली मोठी यादी देतात. ती पाठ करायची काही गरज नाही. तुम्ही 'स्टॅच्यू' खेळता ना? तोच खेळ इथे खेळायचा.

समजा, तुम्ही जेवताय आणि कुणीतरी ओरडलं, 'स्टॅच्यू!' घास हातात तसाच राहिला. जेवणं थांबलं. धावणं थांबतं, लिहिणं थांबतं, भांडणं तर थांबतंच थांबतं. या सगळ्यांना 'इंग' चालतं. आता तुम्हाला सातचा पाढा येतोय आणि कुणी 'स्टॅच्यू' म्हटलं. पाढा विसरलात का? दोन भाऊ होते, ते नाहीसे झाले का? आंबा आवडायचा बंद झाला का? नाही ना! जे 'स्टॅच्यू' म्हटल्यावर थांबत नाही, त्याला 'इंग' लागत नाही. 'आय नो.' 'आय हॅव टू ब्रदर्स.' 'आय लाइक मँगोज.' 'आय वाँट अ पेन.' 'आय अंडरस्टँड.'

हुशार मुलं लगेच हात वर करतात. 'बाई, मग वी आर हॅविंग लंच कसं चालतं?' खेळूनच बघा. तिथे 'हॅव' म्हणजे जवळ असणं नव्हे, जेवणं. जेवण थांबतं, म्हणून चालतं. तसंच 'थिंक'. 'आय थिंक इट विल रेन' हे झालं मत, आणि मत काही 'स्टॅच्यू'ला थांबत नाही. 'आय एम थिंकिंग' म्हणजे कपाळाला हात लावून गणिताचा विचार चाललाय, तो मात्र एका हाकेसरशी मोडतो. घरी कुणी ना कुणी बर्गरच्या त्या जगप्रसिद्ध जाहिरातीची आठवण काढेलच. २००३ पासून तिच्यात 'लव्ह'ला बिनदिक्कत 'इंग' लावलेलं आहे! तो जाहिरातवाल्यांचा मुद्दाम केलेला चटकदारपणा. नियम मोडला तर लक्ष वेधतं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. उत्तरपत्रिकेत मात्र असला चटकदारपणा नको.

नको तिथे 'इंग' लावायची ही भारतीय सवय इतकी प्रसिद्ध आहे की तिच्यावर चक्क कविता आहे. निस्सिम इझिकेल हे इंग्रजीतून लिहिणारे मोठे भारतीय कवी. १९२४ साली मुंबईत जन्मले, २००४ साली वारले. ते बेने इस्रायली समाजातले, म्हणजे कोकणातून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांपैकी. परदेशी निघालेल्या मिस पुष्पा नावाच्या बाईंना निरोप देणाऱ्या भाषणाची त्यांनी कविता केली, आणि त्या भाषणात पानोपानी 'इंग'च 'इंग'! ही थट्टा आहे की आपल्या बोलण्यावरची माया, यावर मोठी माणसं वाद घालतात. मला विचाराल तर दोन्ही. आठवी-नववीच्या मुलांनी ती जरूर मिळवून वाचावी.

आणि इंग्रजीचे हे नियम काही आकाशातून पडलेले नाहीत बरं का. चारशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्लंडात आत्ता चाललेल्या गोष्टीसाठी साधा काळ सर्रास चालायचा. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात राजपुत्र पुस्तक वाचत असतो आणि म्हातारा पोलोनियस त्याला काय वाचताय असं विचारतो, ते साध्या वर्तमानकाळात! आज तसं विचारलं तर 'तुम्ही एरवी काय वाचता?' असा अर्थ होईल.

रेल्वे स्टेशनवर गेलात तर दोन्ही काळ एकाच फलाटावर भेटतात. वेळापत्रक सांगायचं तर साधा काळ. 'द डेक्कन क्वीन लीव्हज पुणे इन द मॉर्निंग.' १९३० पासून ही गाडी पुण्या-मुंबईच्या लोकांची आहे, तिचं सकाळी सुटणं ठरलेलं. पण भोंग्यातून 'इज अराइव्हिंग' ऐकू आलं की पिशव्या उचलायच्या! क्रिकेटचं मात्र निराळं. समालोचक धावता धावता 'ही रन्स इन, ही बोल्स' असं साध्या काळात सांगतो, कारण 'ही इज बोलिंग' म्हणेपर्यंत चेंडू सीमेपार गेलेला असतो.

भूतकाळाचं थोडक्यात. 'व्हेन द लाइट्स वेंट ऑफ, आय शाउटेड' म्हणजे लाइट गेले म्हणून ओरडलो. 'आय वॉज शाउटिंग' म्हणजे लाइट जायच्या आधीपासूनच ओरडणं चालू होतं. आईला कुठलं वाक्य सांगायचं ते तुम्ही ठरवा.

आता घरी करायला थोडा अभ्यास. आई-बाबांनाही सोबत घ्या. त्यांच्यापैकी पुष्कळांचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, तुमच्यासारखं पहिलीपासून नाही. त्यामुळे हसायचं नाही. ही चार वाक्यं इंग्रजीत करा:

आजोबांना सगळ्या गाड्यांच्या वेळा माहीत आहेत.
ताई सध्या मावशीकडे राहतेय.
आमचा मोती पोळी खात नाही.
आमचा मोती पोळी खात नाहीये.

पहिल्यात 'नोज', कारण 'स्टॅच्यू' म्हटलं तरी आजोबा वेळा विसरत नाहीत. दुसऱ्यात 'इज स्टेइंग', कारण परीक्षा संपली की ताई परत येणार. तिसऱ्यात 'डझंट ईट', मोतीला पोळी आवडतच नाही, त्याला भाकरी द्या. चौथ्यात 'इजंट ईटिंग'. एरवी आवडीनं खाणारा मोती आज ताटलीला तोंडही लावत नाहीये, तेव्हा वही मिटा आणि आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा.