शेवटची गाडी कोणाच्या हिशेबात?

एसटी महामंडळाचे बोधवाक्य ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ असे आहे. शब्द तथागतांचे, भिक्खूंना चारिकेला पाठविताना उच्चारलेले. महामंडळाने ते घेतले याचा आम्हाला आनंदच आहे. पण संध्याकाळी सातनंतर तालुक्याच्या स्टँडवर उभे राहिले की हे बहुजन नेमके कोण, असा प्रश्न पडतो. पुण्या-मुंबईच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत लागतात. आडगावची गाडी फलकावर असते, फलाटावर नसते. खिडकीवर विचारले तर ‘आज कॅन्सल’ एवढेच उत्तर मिळते.

ज्याच्या दारात मोटारसायकल आहे त्याला याचे काही वाटत नाही. वाटते ते तालुक्याला दुकानात, दवाखान्यात, बांधकामावर राबणाऱ्या आमच्या आयाबहिणींना. बारावीनंतरचा क्लास सहाला सुटतो, म्हणून बाप मुलीचे नाव काढून घेतो. तालुका न्यायालयात आम्ही रोज पाहतो, साडेचार वाजले की साक्षीदार बाई घड्याळाकडे बघू लागते. अॅट्रॉसिटीच्या खटल्यात उलटतपासणी लांबली तर तिला परत न्यायचे कोणी? वडापच्या जीपमध्ये अनेकदा आरोपीच्याच भावकीतली माणसे असतात. ही बाई पुढच्या तारखेला आली नाही, तर ‘फितूर झाली’ म्हणायला सगळे मोकळे!

पूर्वी मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन गाडी गावात यायची, चालक-वाहक तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थी, भाजीवाल्या, पक्षकार घेऊन भरभरून निघायची. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ मध्ये मिटला, तरी बंद पडलेल्या कित्येक मुक्कामी गाड्या परतल्याच नाहीत. कारण सांगितले जाते भारमानाचे. समजा, संध्याकाळी चाळीस आसनांच्या गाडीत बारा माणसे आली. कागदावर ही फेरी तोट्याची. पण पहाटेची भरलेली गाडी तीच आहे ना! मुक्काम बंद केला तर पहाटे आगारातून रिकामी गाडी आणावी लागेल, तिचे डिझेल कोणाच्या खाती टाकणार? ती आणायची नाही म्हणून मग पहाटेचीही फेरी बंद होते, प्रवासी वडापकडे जातो आणि पुढच्या वर्षी ‘मागणीच नाही’ असा शेरा बसतो.

कायदा काय म्हणतो? मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० चे कलम २२ व्यापारी तत्त्वाने कारभार करा असे सांगते. आगारात याच कलमाचा सूर ऐकू येतो. पण त्याआधी कलम १८ आहे. पुरेशी, कार्यक्षम, परवडणारी आणि नीट जुळवलेली सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य, असे ते कलम सांगते. कलम ३४ नुसार सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकते. हिमाचल प्रदेश विरुद्ध उमेदराम शर्मा या १९८६ च्या निकालात, बहुतांशी दलित असलेल्या गरीब गावकऱ्यांच्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने डोंगराळ भागातील रस्ता हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला. निकाल रस्त्याचा आहे, गाडीचा नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही त्याला नुसत्या डांबराचा काय उपयोग?

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न टाळून चालणार नाही. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे आणि त्याच महामंडळाच्या तिकिटावर सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट मिळाले, त्याचा परतावा सरकार देते. चांगलेच आहे. पण जी गाडी सुटतच नाही तिच्या अर्ध्या तिकिटाचा लाभ शहरमार्गावरचीच बाई घेणार. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींसाठी सरकारने गाड्या आणि त्यांच्या फेऱ्यांचा खर्च दिलाच की नाही? तसेच संध्याकाळच्या फेऱ्यांचे करा. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी गाडी धावली की त्या किलोमीटरचा तुटीचा पैसा सरकारने द्यावा आणि धावली नाही तर कापावा. प्रवासी करातला एक हिस्सा यासाठी राखून ठेवला तरी सुरुवात होईल.

केरळात २०२२ मध्ये ‘ग्रामवंडी’ योजना निघाली. डिझेलचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्थेने करायचा, गाडी आणि कर्मचारी महामंडळाचे. कल्पना बरी आहे, पण आम्हाला ती जशीच्या तशी नको. आमच्याकडील लहान ग्रामपंचायतीला पाणीपुरवठ्याचे वीजबिल भरता येत नाही. शिवाय पैसा ग्रामपंचायतीचा झाला की गाडी पाटलाच्या वाड्यासमोर थांबेल आणि आमच्या वस्तीचा थांबा अर्धा मैल अलीकडे राहील! पैसा राज्याचाच हवा. गावाने द्यायची ती चालक-वाहकाला झोपायला खोली, दिवा, पाणी, शौचालय. डासांत, गाडीच्या सीटवर रात्र काढा असे कामगाराला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. वस्तीतले समाजमंदिर रात्री रिकामेच असते, ते पुढे करावे.

येत्या ग्रामसभेत मुक्कामी गाडीचा ठराव घ्या, त्यात थांब्याची जागा स्पष्ट लिहा आणि प्रत आगार व्यवस्थापकांना देऊन पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: मागील तीन वर्षांत आपल्या मार्गावरच्या संध्याकाळच्या किती फेऱ्या रद्द झाल्या, कोणत्या कारणाने, आणि संध्याकाळ-पहाट दोन्ही फेऱ्यांचे उत्पन्न किती. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. न आल्यास प्रथम अपील आणखी तीस दिवसांच्या आत करावे लागते, ती तारीख चुकवू नका.